दाजींची एकनळी

ताईला जाऊन तीन महिने होत आले होते, तेव्हा दाजींचं पोस्टकार्ड आलं. मजकूर दोन ओळींचा. ‘बंदुकीचा परवाना काढायचा आहे. तुला कचेऱ्यांची माहिती आहे. सोमवारी येतो.’ खाली सही. नेहमीचं ‘प्रकृतीस जपणे’ नव्हतं. ते ताई सांगायची आणि दाजी लिहायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा नगरला जिल्हा कोर्टात कागदपत्रांच्या नकला करायच्या कामावर कारकून होतो. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. आमचं मूळ घर पारनेरकडचं. आईवडील गेल्यावर मला आपलं म्हणून जे काही होतं ते सोनईला, ताईच्या घरी. सण तिकडं, ताप आला तरी तिकडं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नाला तेरा वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. लोक घरी येऊन तिच्यासमोर दाजींना दुसरं लग्न सुचवायचे. दाजी त्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. सत्तर सालच्या श्रावणात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग नगरचा दवाखाना, आणि अकराव्या दिवशी ती गेली.

पोस्टकार्ड वाचून मला आधी राग आला. हे नीट सांगायला हवं, कारण पुढं मी जे केलं त्याला मी बरीच वर्षं भीती हे नाव देत आलो.

लग्नाआधी दाजींकडं बंदूक होती. वडिलांच्या वेळची, ठासणीची. त्यांच्यासारखा तितर मारणारा आसपासच्या गावांत नव्हता असं लोक सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी चार लावे मारून आणले. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी. त्यातला एक जिवंत होता. ताईनं तो ओंजळीत घेतला, पाणी पाजायला बघितलं, आणि तो तिच्या ओंजळीतच मेला. ती दोन दिवस जेवली नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी दाजी बंदूक घेऊन नेवाशाला गेले आणि मोकळ्या हातानं परत आले. ही हकिगत ताई मला दर दिवाळीला सांगायची. तिला नवऱ्याची दुसरी कुठली बढाई मारायची सवय नव्हती.

तेरा वर्षं त्या माणसानं बार काढला नव्हता. आणि आता तिचं वर्षश्राद्धही झालं नाही तोवर परवाना?

सोमवारी दाजी आले. धोतर, सदरा, वर काळा कोट. कोट अंगावर लोंबत होता. माझ्या खोलीत बसून ते पाणी प्यायले, चहा नको म्हणाले.

“बंदूक कशाला दाजी?” मी विचारलं.

“तितराला.”

“इतक्या वर्षांनी?”

“व्हय.” मग म्हणाले, “जमंल का तुझ्याच्यानं? नसंल तर मी दुसऱ्या कुनाला विचारतो.”

मी अर्ज लिहून दिला. कारणाच्या रकान्यात ‘पिकांचे संरक्षण’ लिहिलं, सगळेच लिहायचे. कलेक्टर कचेरीत, तिथून पोलिसांकडं, तिथून परत, असे कागद फिरू लागले. महिन्याभरानं चौकशीचा जमादार कोर्टाच्या आवारात मला भेटला. नातेवाईक म्हणून माझं नाव कागदावर होतं.

“माणूस कसा आहे? भांडणतंटा? दारू?”

“काही नाही.”

“डोक्यानं ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” मी म्हणालो. त्यानं लिहून घेतलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी सोनईला गेलो. घराला कुलूप नव्हतं पण आत कुणी राहत असेल असं वाटत नव्हतं. ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचो, चुलीपुढं बसल्या होत्या. दाजी मळ्यात होते. मावशींनी भाकरी तव्यावर टाकली आणि हळूच म्हणाल्या, “त्यो तिन्हीसांजंला हिरीच्या थारोळ्यावर जाऊन बसतो बघ. हाक मारली तरी उठत न्हाई. दिसभर त्वांडातनं सबूद न्हाई. बंदुकीचं तेवढं बोलतो, कागुद आला का म्हनून. तू संगट जा, बाबा. चांगली बघून घ्या. पैका लई न्हाई, पन फसू नगा.”

त्यांना ती बंदूक हवी होती. मुलगा काहीतरी मागतो आहे, यातच त्यांना बरं वाटत होतं. थारोळं म्हणजे विहिरीच्या काठावरची, मोटेचं पाणी पडायची जागा; मला मात्र तिच्याखालचं खोल पाणीच दिसलं. आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर नकलेसाठी एक पंचनामा आला. दुसऱ्या तालुक्यातला शेतकरी, बायको वारलेली, पीक राखायला घेतलेली बंदूक. मला त्याच्या चार प्रती काढायच्या होत्या. त्याच बंदुकीनं त्यानं स्वतःला संपवलं, हे वाक्य प्रत्येक प्रतीत लिहायचं होतं. तिसऱ्या प्रतीच्या वेळी हात थांबला. जमादाराला ‘ठीक आहे’ मीच सांगितलं होतं.

परवाना पौषात हातात आला.

नगरच्या बाजारपेठेत एका बोळात बंदुका विकणारं आणि दुरुस्त करणारं जुनं दुकान होतं. दुकान कसलं, लांबट खोली. पुढं काचेचं कपाट, मागं शेगडी, कानशी, तेलाच्या बाटल्या. मालक सत्तरीचे मुसलमान कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणत. कागदावरचा शिक्का त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि दाजींना विचारलं, “काय मारणार?”

“तितर, लावा. तळ्यावर बदक बसलं तर बदक.”

“डुक्कर नाही?”

“न्हाई.”

“मग छर्ऱ्याचीच बात. बारा बोअर घ्या. काडतूस कुठंही मिळतं.” त्यांनी मांडीवर फडकं पसरलं. “आणि किती खर्चायचं मनात आहे, ते आधी सांगा. नंतर सांगितलं की माणूस नाराज होतो.”

दाजींनी आकडा सांगितला. चाचांनी मान हलवली आणि कपाटातून एक दुनळी काढली. बेल्जियमची, विकायला ठेवलेली. दोन्ही बाजूंना चांदीसारख्या पत्र्यावर पानाफुलांची नक्षी, मधोमध उडणारी बदकं. मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण ती बघून हात पुढं गेला. दाजींनी ती घेतली. आधी बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग दाराशी जाऊन नळीतून उजेडाकडं बघितलं, बराच वेळ. नळ्या मिटवून दस्ता काखेत धरला आणि बंदूक कानाशी नेऊन जराशी हलवली.

“खुळखुळतीय,” ते म्हणाले. “आन् डाव्या नळीत खड्डं हायेत.”

चाचा हसले. “पाच गिऱ्हाइकांनी नक्षी बघितली. कान लावणारे तुम्ही पहिले.”

मग त्यांनी नवी, देशी बनावटीची एकनळी दाखवली. दाजींनी ती खांद्याला लावली, चाप ओढून बघितला आणि परत दिली. चाप इतका जड होता की तो दाबेपर्यंत पक्षी शेजारच्या गावात जाईल, असं म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. त्या महिन्यांत त्यांच्या बोलण्यात थट्टा उरलीच नव्हती.

तिसरी बंदूक चाचांनी मागच्या भिंतीवरून उतरवली. तीही एकनळी, जुनी. दस्ता काळपट, त्याला कधीतरी चीर पडलेली आणि वर पितळेची पट्टी ठोकलेली. नक्षी नाही, काही नाही. दाजींनी नळीतून बघितलं. मलाही दाखवलं. आतून नळी आरशासारखी होती, आणि उजेडाची कडी एकामागून एक सरळ दूरवर गेलेली. बंदूक मिटताना एकच बारीक आवाज झाला. कानाशी हलवली, तर काही नाही. मग त्यांनी डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक मणी, बरोबर डोळ्यासमोर होती.

“ही स्वस्त का?” त्यांनी विचारलं.

“दिसायला गरीब आहे म्हणून,” चाचा म्हणाले. “एका बागायतदाराची होती. त्यानं तेल-पाणी नीट केलं. मुलांना दुनळी पाहिजे होती.”

दुपारी आम्ही तिघं टांग्यातून गावाबाहेरच्या खडकाळ माळावर गेलो. लांब लष्कराच्या हद्दीत सराव चालू होता, तोफांचा आवाज जमिनीतून पायांना कळत होता. चाचांनी निवडुंगाच्या फडावर वर्तमानपत्राचं पान काट्यांनी टोचून लावलं आणि तिथून चाळीस पावलं मोजली. दाजींनी पाच काडतुसं उडवली, दर वेळी नवं पान. पाचही बार पहिल्या ठोक्याला उडाले. मग ते पानांपाशी उकिडवे बसले, माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि छर्ऱ्याच्या एकेका भोकाभोवती गोल करू लागले. मी उभा होतो. तासभर तरी ते चाललं असेल. शेवटी त्यांनी तळहात एकेका पानावर ठेवून इकडून तिकडं सरकवला. तळहाताएवढी जागा कुठंच मोकळी राहिली नव्हती.

“हिच्यातनं जखमी हून सुटायचा न्हाई,” ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आनंद म्हणता येणार नाही, पण पाच महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते बघवलं नाही. ताईच्या दहाव्याला हा माणूस दगडासारखा बसला होता, आणि आता भोकं मोजताना त्याचा जीव रमतो आहे. तेव्हा मला त्यांचं वाक्य फक्त शिकाऱ्याचं वाटलं. ते कुणाच्या ओंजळीला आठवून बोलत होते हे कळायला मला फार उशीर झाला.

दाजींचे हात आखूड, दस्ता अर्धा इंच लांब पडत होता. तो कापून बसवायला चाचांनी आठ दिवस मागितले. बंदूक दुकानात ठेवून दाजी सोनईला गेले.

त्या आठ दिवसांत मी दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी आत गेलो. चाचा दस्त्यावर कानस चालवत होते.

“चाचा, काडतुसावर जी पिन आपटते, ती थोडी आखूड करता येईल?”

त्यांनी कानस खाली ठेवली. “मग बार कसा उडेल?”

“उडायला नको.”

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “ही बंदूक चांगली म्हणून मी त्यांना दिली. माझ्याच हातानं तिच्यात खोट घालू?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ताई, कावीळ, थारोळं, पंचनामा. त्यांनी शेगडीतले निखारे सारखे केले. मग म्हणाले, “मी विकलेली एक बंदूक पोलिसांनी ओळख पटवायला माझ्याचसमोर ठेवली होती. वीस वर्षं झाली. त्या माणसानंही अशीच पारखून घेतली होती.” त्यांनी कानस उचलली. “मी घासतो. पण ऐका. त्यांना चार दिवसांत कळेल. ते घेऊन येतील आणि मी नवी पिन बसवीन, कारण ते माझं काम आहे. तेवढ्या दिवसांत तुम्ही त्यांच्याशी बोला. माणसाशी बोलायचं ते बंदुकीशी बोलून भागत नाही.”

मी हो म्हणालो.

दाजी ठरल्या दिवशी आले, परवान्यावर नोंद झाली, पंचवीस काडतुसं मिळाली. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक घेऊन ते एसटीत चढले. चढण्याआधी ते माझ्या शेजारी अर्धा तास स्टँडवर बसले होते. मला बोलता आलं असतं. मी पेरूच्या भावाचा विषय काढला. खिडकीतून ते म्हणाले, “रविवारी ये. सकाळी जाऊ.”

मी शनिवारी संध्याकाळीच गेलो. जेवताना बोलेन असं ठरवलं होतं, पण मावशी समोर होत्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दाजींनी दुसरी भाकरी मागून घेतली. मावशींनी माझ्याकडं बघून डोळ्यांनी खूण केली, बघ म्हणून. मी खाली मान घालून जेवलो.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. दाजी, त्यांचा चुलतभाऊ आणि मी. चुलतभाऊ चाळिशीचा, बडबड्या माणूस. झुडपं झोडपून पक्षी उठवायचं काम त्याच्याकडं. थंडी फार होती. बाजरीची काढलेली रानं, कडेला बाभळी, पलीकडं गवताळ माळ. कुठूनतरी तितर ओरडू लागला. दाजी थांबले. आवाज कुठून येतो ते त्यांनी मान न वळवता नुसतं ऐकलं आणि बोटानं बांध दाखवला. त्यांची चालच बदलली होती. पाय टाकताना काडी मोडत नव्हती.

चुलतभावानं बांधावरच्या बोरीत काठी घातली. दोन तितर फडफडाट करत उठले. दाजींनी बंदूक खांद्याला लावली, पक्ष्याबरोबर फिरवली.

खट्.

तितर सरळ रेषेत लांब गेले आणि गवतात उतरले. बार उशिरानं उडाला तर म्हणून दाजींनी बंदूक तशीच माळाकडं रोखून धरली, मनात काही आकडे मोजले, मग मोडून काडतूस काढलं. दुसरं घातलं.

“जुनं ते जुनंच, दादा!” चुलतभाऊ हसला. “दुनळी घ्याची हुती.”

पुढच्या ओघळीत लाव्यांचा थवा उठला. खट्. तिसऱ्यांदा एक तितर अगदी पायाखालून उठला, दहा पावलांवर. खट्. आता चुलतभाऊ पोट धरून हसत होता, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पारावर जाणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

दाजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी तिन्ही काडतुसं तळहातावर घेतली आणि त्यांची बुडं बघितली. मग बंदूक मोडून आतल्या पिनेवर अंगठ्याचं टोक दाबलं. एकदा, दोनदा.

“तू म्होरं हो,” ते चुलतभावाला म्हणाले. “आईला सांग च्या ठेवाया.”

तो गेला. दाजींनी माझ्याकडं बघितलं.

“नगरच्या माळावर पाच बार उडलं. पाचीच्या पाची काडतुसांना खोल खड्डा हुता. ह्यांना नुसता वरखडा हाय. पिन घासलीय कुनीतरी.” त्यांनी बंदूक मिटली. “आन् तू एकदाबी म्हनला न्हाईस, का उडंना म्हनून.”

मी म्हणालो, “मीच सांगितलं चाचांना.”

“का?”

मला ते शब्दांत सांगायचं नव्हतं. “मावशी म्हणाल्या तुम्ही थारोळ्यावर बसता... मला वाटलं...”

“काय वाटलं?”

त्यांनी बंदूक बांधाला टेकवली आणि खाली बसले. मग अगदी सावकाश, रोजचं काही सांगावं तसं बोलले.

“मरायचं आसंल तर घरची हीर हाय. तिला कुनाचा परवाना लागतो? कलेक्टरची सई लागती? भादव्यात मी दोनदा उतरलो हुतो पायऱ्या. पान्यापतुर. तवा तू कुठं हुतास?”

मी कोर्टात होतो. नकला करत होतो. भादव्यात मी त्यांना एक पत्रही लिहिलं नव्हतं.

“वर का आलो ते ठाव न्हाई,” ते म्हणाले. “आई हाक मारीत हुती म्हनून आसंल. पन आलो. आन् मग घरात बसवंना. चुलीपाशी बघावं तर ती. मळ्यात जावं तर पाटावर ती. एकबी जागा न्हाई जिथं ती न्हाई. मग वाटलं, ही एक जागा हाय. हा माळ, हातात बंदूक. हितं ती कदी आलीच न्हाई. तिच्या आदीचा मी हितं हाय. सकाळचं दोन तास तरी हितं श्वास घ्यावा.”

“दाजी, माझं चुकलं.”

“आता हितंबी ती आली,” ते म्हणाले. “तू आनलीस.”

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं, जवळ आले नाहीत. थोड्या वेळानं उठून त्यांनी काडतुसं खिशात टाकली, बंदूक गोणपाटात गुंडाळली. वाटेत ओढा लागला तेव्हा एवढंच म्हणाले, “इचारायचं हुतंस रं. इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं.”

घरी चहा तयार होता. मावशींनी विचारलं, “काय घावलं का?” दाजी म्हणाले, “न्हाई. पाखरू लांबून उठलं.” चुलतभावानं तोंड उघडलं, पण दाजींनी बघितलं तसा तो बशीत चहा ओतू लागला. मी दुपारच्या एसटीनं परत आलो. निरोप द्यायला कुणी फाट्यापर्यंत आलं नाही. ताई असताना ती बांधापर्यंत यायची.

दहाबारा दिवसांनी मी चाचांकडं गेलो. दाजी येऊन गेले होते.

“नवी पिन बसवली,” चाचा म्हणाले. “मी माफी मागितली. म्हणाले, तुमची चूक नाही. बसून चहा प्याले.” मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, “तुम्ही बोलला नव्हता?”

“नाही.”

ते शेगडी फुंकू लागले. त्यानंतर मी त्या बोळातून जाणं सोडलं.

त्या हिवाळ्यात मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मावशींचा निरोप एका ओळखीच्या माणसाकडून आला, की बंदूक खुंटीला टांगलेली आहे, तो हात लावत नाही, तुमच्यात काय झालं ते सांग. मी निरोपाला काही उत्तर दिलं नाही. काय सांगणार होतो? की तुमच्या मुलानं कशीबशी एक वाट शोधली होती आणि मी ती बुजवली?

रात्रंदिवस मनात एकच यायचं: मी ते कशासाठी केलं. भीती खरी होती, ते पंचनाम्याचे कागद खरे होते. पण भीती वाटणारा माणूस धावत सोनईला गेला असता, दाजींच्या शेजारी थारोळ्यावर जाऊन बसला असता. मी कारागिराकडं गेलो. ताईनं जे त्यांच्या हातातून सोडवलं होतं ते त्यांनी पुन्हा धरलं, याची मला त्यांना शिक्षा द्यायची होती. निदान थोडी तरी. खट् आवाज झाला तेव्हा, पहिल्या तितराच्या वेळी, माझ्या छातीत जे झालं ते सुटकेसारखं होतं, पण त्यात समाधानही होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी मावशींनी दाजींचं दुसरं लग्न लावून दिलं. पत्रिका मला आली, पोस्टानं, पाकिटावर दाजींचंच अक्षर. मी गेलो नाही. कोर्टाला सुट्टी नाही असं कळवलं. तो रविवार होता. त्यानंतर दुष्काळ पडला, माळ उघडा पडला, पाखरं कुठं गेली कुणास ठाऊक. मग कायदाही बदलला आणि पूर्वीसारखी शिकार करायची सोय राहिली नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली. सोनईचं नाव घरात निघालं की मी विषय बदलायचो.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या एसटी स्टँडवर ते मला दिसले. अंग भरलं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बरोबर त्यांची बायको होती, साधी, डोक्यावर पदर घेतलेली. मला बघून दाजी उठून उभे राहिले, आणि त्यांनीच हाक मारली. आम्ही टपरीवर चहा घेतला. मावशी मागच्या वर्षी गेल्या असं त्यांनी सांगितलं. मला कळवलं नव्हतं. का म्हणून विचारायचा मला हक्क नव्हता.

“बंदूक?” शेवटी मी विचारलं.

“ठाण्यात जमा केली. परत आनाया गेलो न्हाई.” त्यांनी कप ठेवला. “चांगली हुती पन.”

मग त्यांनी माझ्या मुलीचं वय विचारलं, पगार वाढला का विचारलं. मी पावसाचं विचारलं. दोन परकी माणसं बोलतात तसं आम्ही दहा मिनिटं बोललो. मला वाटत होतं, आत्ता बोलावं, हीच वेळ आहे; आणि तेवढ्यात फलाटावर शनिशिंगणापूरमार्गे जाणारी गाडी लागली. त्यांची बायको पिशव्या घेऊन उठली. दाजींनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

गर्दीतून त्यांनी आधी बायकोला चढवलं, मग स्वतः चढले. त्यांना पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी, कारण माझ्या बाजूच्या खिडक्यांत ते कुठं दिसले नाहीत. गाडी गेल्यावरही मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. मग कोर्टाची वेळ झाली म्हणून निघालो.